राळ आणि साबण

धुळ्याच्या सांस्कृतिक जीवनात समतेचं तत्त्व खऱ्या अर्थाने कोणी रुजवलं असेल, तर ते बडगुजर सरांनी. आमच्या कॉलेजच्या संगीत विभागात त्यांनी उभ्या केलेल्या वाद्यवृंदात गरीब-श्रीमंत, मुलगा-मुलगी, शहरातला-खेड्यातला असा भेद कधी झाला नाही. ज्याने संगीत विषय घेतला, तो वार्षिक कार्यक्रमात मंचावर बसणार म्हणजे बसणारच. कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा आणि मार्केट यार्डातल्या हमालाचा मुलगा एकाच सतरंजीवर, एकाच जातीचं व्हायोलिन घेऊन बसत. फक्त काहींच्या गजाला सर राळ लावत आणि काहींच्या गजाला साबण.

ज्यांचा या वाद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्हायोलिनचा गज घोड्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. त्या केसांना राळ घासली की ते तारेला धरतात आणि आवाज निघतो. राळेऐवजी साबण घासला की गज तारेवरून नुसता घसरतो. वाजवणारा घामाघूम होतो आणि ऐकणाऱ्याला कसलाही त्रास होत नाही. सरांच्या टेबलावर दोन लांबट पेट्या असत. डावीकडच्या पेटीत राळेचे गज, उजवीकडच्या पेटीत साबणाचे. तालमीच्या आधी प्रत्येकाने आपापल्या पेटीतून गज उचलायचा. यात लपवाछपवी नव्हती. कोण राळेत आणि कोण साबणात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असे. ठाऊक नसे ते फक्त पालकांना, प्राचार्यांना आणि श्रोत्यांना.

मी तीन वर्षं साबणात काढली. पहिल्या महिन्यात सरांनी मला एकट्याला समोर बसवून वाजवायला लावलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "वाचनालय, तुम्ही वाचा." मी सदैव काहीतरी वाचत असल्याने त्यांनी मला हे नाव ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी उजवीकडच्या पेटीत एक गज वाढला होता.

त्यांच्या या पद्धतीमागे तत्त्वज्ञान होतं आणि ते त्यांनी एकाच वाक्यात मांडलं होतं. "बठ्ठास्नी वाजाडो, पन बठ्ठास्नं ऐकू येवाले नको." सगळ्यांनी वाजवावं, पण सगळ्यांचं ऐकू येऊ नये. लोकशाहीवर मी पुढे बरीच जाड पुस्तकं वाचली. तिच्या अडचणीचं इतकं थोडक्यात निदान कुठे सापडलं नाही.

सर मूळचे दोंडाईच्याकडचे. उंच, सावळे, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी. तरुणपणी ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. ही गोष्ट प्राचार्यांना आवडत नसे. सरांची ओळख करून देताना ते "अनेक वर्षे लोकसंगीताच्या क्षेत्रात" एवढंच म्हणत. सर माइक हातात आला की लगेच दुरुस्ती करत, "बँडमध्ये होतो, बँडमध्ये." वाद्यवृंदाचे सगळे नियम त्यांनी बँडमधूनच आणले होते. कोणी चुकून मध्येच थांबला तर ते त्याला बाजूला घेत आणि म्हणत, "नवरदेव घोड्यावरून पडला तरी बँड थांबत नाही, भो. उलट जोरात वाजवतो. पडल्याचा आवाज झाकावा लागतो."

वृंद कधी थांबवायचा याची खूणही बँडमधलीच होती. सर स्वतः पहिल्या रांगेत व्हायोलिन घेऊन बसत, त्यामुळे हातवारे करायची सोय नव्हती. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली की सगळ्यांनी पुढच्या समेवर थांबायचं. ही व्यवस्था उत्तम चालली होती. पण एका वर्षी कार्यक्रम मार्चअखेरीस आला. धुळ्याचं ऊन पत्र्यावर उतरलं होतं. मालकंस नुकता रंगात येत होता आणि सरांच्या कपाळावरून घामाची धार नाकावर आली. त्यांनी टोपी काढून घाम पुसला. पुढच्या समेवर सगळा वृंद गप्प झाला. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी क्षणभर टोपीकडे पाहिलं आणि ती मांडीवर ठेवून दिली. तेव्हापासून आमच्या वृंदाचा मालकंस तेवढाच. पुढच्या वर्षी एका नव्या मुलाने उरलेला भाग का वाजवायचा नाही असं विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "लोकांना आवडला तिथपर्यंत वाजवतो."

एकदा जळगावला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. इतर कॉलेजांचे वृंद आटोपशीर होते. आमच्याकडे एकट्या व्हायोलिनच्याच तीन रांगा होत्या आणि त्यातल्या मागच्या दोन संपूर्ण साबणाच्या. मंचावर आम्ही एखाद्या वऱ्हाडासारखे दिसत होतो. परीक्षकांनी निकाल देताना सांगितलं की, धुळ्याच्या वृंदात वादकांची संख्या मोठी असूनही आवाजात जो संयम आहे तो आजच्या तरुण पिढीत दुर्मीळ आहे. आम्हाला ढाल मिळाली. परतीच्या एस.टी.त सरांनी ती ढाल राळवाल्यांच्या हातातून काढून घेतली आणि शेवटच्या सीटवर आम्हा साबणवाल्यांकडे दिली. "संयमाचं बक्षीस शे," ते म्हणाले. "तुमचंच हे."

आमच्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी राळेत जायचं स्वप्न पडत असे. दर दिवाळीनंतर सर चाचणी घेत. तिला जाताना मुलं देवाला नारळ बोलत. मी त्या चाचणीला कधी बसलो नाही. शेवटच्या रांगेत, मुलींच्या शेजारी, कसलीही जबाबदारी नसलेली जागा सोडण्याचं मला कारण दिसत नव्हतं.

माझ्या शेजारी कमल सोनवणे बसे. रेल्वेत नोकरी करणाऱ्या वडिलांची थोरली मुलगी. बारीक, काटक, दोन वेण्या घातलेली. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला नंतर बराच वेळ पुरायचं. एक दिवस तालीम संपल्यावर ती सरांच्या टेबलापाशी गेली.

"सर, गज घरी नेऊ का? व्हायोलिन पण."

"ने. पण चाचणी दिल्याशिवाय राळेचा मिळायचा नाही."

"साबणाचाच पाहिजे."

सरांनी टोपी मागे सरकवली. आतापर्यंत त्यांच्याकडे लोक साबण काढा म्हणायला येत.

"कसाले वं, माय?"

"वडलांना रात्रपाळी असते. दिवसा झोपतात. क्वार्टरला खोली एकच आहे. मला रियाज करायचाय, पण आवाज झाला तर ते उठतील आणि व्हायोलिन बंबात जाईल."

सरांनी उजव्या पेटीतला सगळ्यात चांगला गज काढला, त्याला स्वतःच्या हाताने पुन्हा एकदा साबण घासला आणि तिला दिला. त्यानंतर दोन वर्षं कमल रोज झोपलेल्या वडिलांच्या उशाशी बसून व्हायोलिन वाजवत होती. वडिलांना त्याचा पत्ता नव्हता. एकदा ते मध्येच जागे झाले, मुलगी हात हलवत बसलेली पाहिली आणि माशा वारते आहे असं समजून पुन्हा झोपले. हे तिनेच आम्हाला सांगितलं, अजिबात न हसता.

तिला संगीत शिक्षिका व्हायचं होतं. ते होणं एका वेगळ्याच गोष्टीवर अडलं होतं. आमच्या संगीत विभागाला विद्यापीठाची कायम मान्यता नव्हती. तात्पुरती होती आणि तिची मुदत संपत आली होती. विद्यापीठाची समिती येणार, विभाग पाहणार, वार्षिक कार्यक्रम ऐकणार आणि मग ठरवणार. मान्यता मिळाली नाही तर विभाग बंद, कमलचा विषय तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर गेला आणि सरही घरी. सरांना विचारलं तर ते म्हणत, "माझं काय, क्लॅरिनेट अजून माळ्यावर आहे." पण त्या दिवसांत त्यांच्या सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली असायची.

प्राचार्यांनी तयारी जोरात केली. आमचा विभाग कॉलेजच्या मागच्या अंगाला, जुन्या गोदामात होता. एका बाजूला एन.सी.सी.चं सामान, दुसऱ्या बाजूला भिंतीपलीकडे कापसाचं जिनिंग. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'संगीत ही ईश्वराकडे नेणारी सर्वांत जवळची वाट' असं लिहून घेतलं गेलं. त्याच्याखाली मुतारीकडे जाण्याचा बाण आधीपासूनच होता. तो पुसायचा राहिला.

समितीत दोघं होते. अध्यक्ष पुण्याचे, गोरे, रेशमी झब्बा, बोलताना शब्दाशब्दाला तर्जनी आणि अंगठा जुळवणारे. त्यांच्याबरोबर लिमयेबाई. पन्नाशीच्या, सुती पातळ, जाड चष्मा. त्याही पुण्यातल्याच एका मोठ्या संगीत विद्यालयात शिकवत होत्या एवढंच आम्हाला कळलं. अध्यक्ष बोलत होते आणि बाई ऐकत होत्या. बाईंचं ऐकणं सरांना आवडलं नाही. मंचावर चढताना त्यांनी आमच्या रांगेला हलक्या आवाजात सांगितलं, "हात जोरात हलवू नका. ती बाई डोळे उघडे ठेवून ऐकते."

अध्यक्षांनी सुरुवातीलाच भाषण केलं. खानदेशच्या या तप्त भूमीत सुरांचे झरे, वगैरे. ते "आणि या शांततेतच खरा नाद" इथपर्यंत आले आणि मिलचा चारचा भोंगा झाला. तो पूर्ण होईपर्यंत त्यांची तर्जनी आणि अंगठा जुळलेलेच राहिले.

मग आम्ही वाजवलं. आधी भूप, नंतर आमचा तेवढाच मालकंस. दोन्ही छान झाले. आम्ही मागच्या रांगेतले इतके एकसारखे गज ओढत होतो की समोरून पाहणाऱ्याला भातशेतात वारा सुटल्यासारखं वाटलं असेल. टाळ्या झाल्या. प्राचार्य हार घेऊन उठले. आणि अध्यक्षांनी हात वर केला.

"सामूहिक वादन उत्तम. पण व्यक्तिगत तयारीही पाहिली पाहिजे. एखाद्याला एकट्याने ऐकू या." त्यांनी मंचावरून नजर फिरवली. पहिली रांग ओलांडली, दुसरी ओलांडली. "ती. शेवटच्या रांगेतली, वेण्यांची मुलगी. भूपाची गतच वाजव, बाळ."

आमच्या रांगेतले सगळे आपापल्या गजाकडे बघू लागले.

सर उभे राहिले. "साहेब, आमच्याकडे एकेकट्याने वाजवायची पद्धत नाही. वृंद आहे हा."

"मग आज पाडा पद्धत," अध्यक्ष हसून म्हणाले. प्राचार्यही हसले, कारण अध्यक्ष हसले होते.

सरांचं डोकं त्या क्षणी काय काय हिशेब करत होतं ते त्यांच्या मानेवरून मला दिसत होतं. विभाग, मान्यता, माळ्यावरचं क्लॅरिनेट. कमलच्या हातात साबणाचा गज होता. तो ओढला तर अख्ख्या सभागृहाला आमची पद्धत समजली असती. सर आपलं व्हायोलिन खाली ठेवून फक्त गज घेऊन रांगांमधून वाट काढत मागे आले. कमलचा गज काढून घेतला, आपला तिच्या हातात दिला. खाली वाकून ते जे बोलले ते मी शेजारी बसून ऐकलं.

"पोरी, हात हलका धर. याले आवाज शे बरं."

कमलने मान हलवली. ती उठून उभी राहिली, व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि पहिला गज ओढला.

वर्षानुवर्षं न उघडलेला गोदामाचा लोखंडी दरवाजा कोणीतरी एकदम ढकलावा असा आवाज झाला. पुढच्या रांगेतले प्राचार्य दचकून मागे टेकले. कमलने हात थांबवला आणि गजाकडे पाहिलं, दुसरंच कोणी बोलल्यासारखं. दोन वर्षं बोटं चालवूनही तिला स्वतःचं वादन कधी ऐकूच आलेलं नव्हतं. मला वाटलं, आता ही खाली बसणार. सर अजून आमच्या रांगेतच उभे होते. ते हळूच म्हणाले, "नवरदेव पडना, कमल. वाजाड."

ती वाजवू लागली. आवाज तसाच होता. तेल न घातलेल्या बैलगाडीचं चाक, फार तर. पण प्रत्येक सूर जिथल्या तिथे पडत होता. एकही बोट चुकत नव्हतं, एकही मात्रा पुढेमागे होत नव्हती. राळेतले पहिल्या रांगेतले वादक मान वळवून बघायला लागले. अशी सुरेल आणि इतकी कर्कश भूपाची गत मी पुन्हा कधी ऐकली नाही. तिने ती शेवटपर्यंत वाजवली, दोनदा फिरवून समेवर आणली आणि बसली.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "याला म्हणतात ग्रामीण बाज. मातीचा गंध आहे."

गंध खरोखरच होता, पण तो मातीचा नव्हता. लिमयेबाई एव्हाना उठून मंचावर आल्या होत्या. त्या सरळ मागच्या रांगेत आल्या आणि सरांच्या हातातला गज मागून घेतला. केसांवरून बोट फिरवलं. मग तो नाकाशी नेला. सर ताठ उभे होते. मी माझा गज हळूच सतरंजीखाली सरकवला.

"साबण?" बाईंनी विचारलं.

"हो," सर म्हणाले.

"अंगाचा की कपड्यांचा?"

"कपड्यांचा."

"अरेरे," बाई म्हणाल्या. "त्याने केस गळतात. आम्ही मेणबत्ती लावतो."

सरांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्याकडेपण?"

"आमच्याकडे ट्रस्टींची नातवंडं आहेत," बाई म्हणाल्या. मग कमलकडे वळून, "हा हिचा गज?"

"हो."

"मग ही शिकली कशी?"

"आवाज न करता," सर म्हणाले.

बाईंनी गज सरांना परत दिला, कमलच्या गजावरच्या मुठीचा अंगठा जरासा वाकवून दिला आणि म्हणाल्या, "आता आवाज करून शीक." मग त्या खाली उतरून आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. अध्यक्षांनी त्यांना काय पाहिलंत म्हणून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाद्यांची निगा." प्राचार्यांनी दोघांना हार घातले.

मान्यता आली. सर कायम झाले. क्लॅरिनेट माळ्यावरच राहिलं. अध्यक्षांनी आपल्या अहवालात मातीच्या गंधाचा उल्लेख केल्याचं प्राचार्य पुढे कित्येक वर्षं सांगत होते. सर मात्र त्या अध्यक्षांचा विषय निघाला की एवढंच म्हणत, "चांगला माणूस. झब्बा चांगला होता." लिमयेबाईंचं नाव ते उभं राहून घेत. दुसऱ्याच दिवशी उजव्या पेटीतले सगळे गज धुतले गेले आणि सरांनी बाजारातून मेणबत्त्या आणल्या. संगीत विभागात मेणबत्त्या कशाला, असं शिपायाने विचारलं, तर म्हणाले, "वीज जाते."

कमलला चाचणी न घेताच डाव्या पेटीतला गज मिळाला. तो घेऊन ती घरी गेली आणि दोन दिवसांनी परत आली. वडील जागे झाले होते. त्यांनी व्हायोलिन बंबात घातलं नव्हतं, पण माशा वारायचं आधीचं यंत्र बरं होतं, ते कुठे गेलं, असं विचारलं होतं. सरांनी मग गोदामाची किल्ली तिच्याकडे दिली. दुपारच्या उन्हात, एन.सी.सी.चं सामान आणि जिनिंगच्या मध्ये, ती वर्षभर आवाज करून शिकली. जिनिंगच्या मुकादमाने एकदा तक्रार केली की भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजाने माणसं कामात चुकतात. पुढे काही महिन्यांनी तोच मुकादम आज वाजवणारी पोरगी आली नाही का, असं विचारायला आला.

मी बी.ए. झालो, बँकेत लागलो आणि व्हायोलिनला हात लावायचा संबंध संपला. सरांची भेट कधीमधी व्हायची. रस्त्यात दिसले की लांबूनच ओरडत, "वाचनालय, संयम राखा!" कमल जळगावच्या एका कॉलेजात संगीत विभागाची प्रमुख झाली. दर वर्षी तिचा वाद्यवृंदाचा कार्यक्रम असे आणि दर वर्षी सर पुढच्या रांगेत, काळी टोपी घालून बसत. उत्तरार्धात ते डुलक्या घ्यायचे. टोपी मांडीवर घसरली की मंचावरचे जुने विद्यार्थी सवयीने थांबायचे आणि कमल त्यांच्याकडे डोळे वटारायची.

सर गेले ते निवृत्तीनंतर, घरीच, दुपारी. जळगावच्या कॉलेजने शोकसभा ठेवली आणि तिच्यात कमलच्या विद्यार्थ्यांचं वादन. मी धुळ्याहून गेलो. सभागृहात सरांचा मोठा फोटो, हार, उदबत्ती. भाषणं झाली. आमचे ते जुने प्राचार्यही आले होते. खूप थकले होते, पण माइक सोडत नव्हते. सरांनी लोकसंगीताच्या क्षेत्रात दीर्घ काळ सेवा केली, असं त्यांनी सांगितलं. दुरुस्ती करायला या वेळी कोणी नव्हतं, तेव्हा मागून कमलच म्हणाली, "बँडमध्ये होते, साहेब." प्राचार्यांनी माइक आणखी जवळ ओढला. "बडगुजर सरांनी," ते म्हणाले, "आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आवाज दिला."

सभागृहात आमच्या वेळचे मागच्या रांगेतले बरेच जण होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

वादनाच्या आधी कमल माझ्याजवळ आली. केस पांढरे व्हायला लागले होते, आवाजात अधिकार होता. "चल, मागच्या रांगेत बस. जागा ठेवली आहे."

"अगं, मला वाजवून किती वर्षं झाली."

"तुला कधी वाजवता येत होतं?" ती म्हणाली. "सरांसाठी बस. मालकंस आहे, तेवढाच."

मी मंचावर गेलो. मागच्या दोन रांगा मुलांनी भरलेल्या होत्या. छान कपडे, गंभीर चेहरे. विंगेत टेबलावर दोन लांबट पेट्या होत्या. कमलने उजवीकडच्या पेटीतून एक गज काढून माझ्या हातात दिला. मी तो नाकाशी नेला. मेणबत्ती होती. केस एकही गळलेला नव्हता.